ओठ, गाल आणि डोळ्याखाली एकच फिलर चालतो का?

नाही गे, एकच नाही चालत. फिलर म्हणजे उठाव यायला कातडीखाली सुईनं घालतात ते जेल. नाव बहुतेकांचं हायल्युरोनिक ॲसिड असलं तरी जेल वेगवेगळी येतात. गालाला आणि हनुवटीला घट्ट जेल लागतं, ते हाडाजवळ खोल घालतात म्हणजे उठाव टिकतो, ओठ सारखे हलतात म्हणून तिथं मऊ, आणि डोळ्याखाली तर अगदी थोडं, पाणी कमी ओढणारं, कारण तिथली कातडी पातळ, जास्त झालं की फुगून निळसर दिसतंय. आणि तुझ्या डोळ्याखाली नुसतं काळं असेल, खड्डा नसेल तर फिलरनं काही होत नाही.

एक सिरिंज साधारण 1 मिलीची, ओठाला तेवढी पुरते. ओठातलं सहा महिने ते वर्षभर, गालातलं त्याहून जास्त टिकतं.

सगळ्यात डेंजर नाक आणि दोन भुवयांच्या मधली जागा. जेल रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित नजर पण जाते. म्हणून तू म्हणालीस तसं बेळगावात शहापुरातल्या पार्लरात स्वस्तात होतंय म्हणून जाऊ नको, टिळकवाडीत नाहीतर कॉलेज रोडला स्किनचा डॉक्टर बघ आणि पहिला प्रश्न हाच विचार की हायल्युरोनिडेज ठेवताय काय, जेल विरघळवायचं इंजेक्शन ते, नाही म्हणाले की उठून ये.

बहिणीचं लग्न महिन्यावर आलंय ना, मग आत्ताच करून घे, सूज आणि निळं पडलेलं उतरायला दोन आठवडे धर.