बोटं सुजली, रिपोर्ट मात्र निगेटिव्ह

प्रश्न: डॉक्टर, माझं वय 36. तीन महिने झाले, दोन्ही हातांची बोटं सुजतायत आणि दुखतात, सकाळी उठल्यावर तर मूठच वळत नाही, साधा टूथब्रश धरवत नाही, अकरा वाजेपर्यंत जरा मोकळं होतं. आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला, यूरिक ॲसिड 6.8 निघालं, म्हणून त्याच्या गोळ्या आणि कडक पथ्य सुरू केलं. दीड महिन्यात काहीच फरक नाही. पेनकिलर घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. नक्की झालंय तरी काय?

उत्तर: ताई, हात न बघता आजाराचं नाव सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते यूरिक ॲसिडसारखं वाटत नाही. यूरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी, म्हणजे गाऊट, बहुतेक वेळा एकाच सांध्यात उसळतो, तोही बऱ्याचदा पायाच्या अंगठ्यात, रात्रीतून लालबुंद होतो आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो, शिवाय पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये तो फारच कमी दिसतो. यूरिक ॲसिड थोडं वाढलेलं तर कितीतरी धडधाकट माणसांत सापडतं, आकडा दिसला की गोळी चालू, ही सवय आम्हा डॉक्टरांचीच.

दोन्ही हात, छोटे सांधे, सहा आठवड्यांच्या वर टिकलेली सूज आणि सकाळचा तासाहून जास्त आखडलेपणा, हे सगळं एकत्र आलं की आधी आमवाताचा, म्हणजे रूमॅटॉइड आर्थरायटिसचा विचार करावा लागतो. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून तो नाहीच असं होत नाही, बऱ्याच रुग्णांत तो निगेटिव्हच असतो (आणि उलट काही निरोगी लोकांत पॉझिटिव्ह!). अँटी सीसीपी (आमवाताचीच आणखी एक रक्ततपासणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) करून घ्या, हातांचा एक्सरे आणि जमलं तर सोनोग्राफी. त्वचेवर सोरायसिसचे चट्टे आहेत का, सुरुवातीला ताप आला होता का, तेही सांगा, कारण सोरायसिसमध्येही सांधे सुजू शकतात आणि चिकुनगुन्याच्या तापानंतर सांधे महिनोन्‌महिने असेच दुखतात.

हे सगळं रूमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांधेविकारांच्या डॉक्टरकडे, आणि लवकर. आमवात असला तर पेनकिलरने दुखणं दबतं पण सांधा आतून झिजत राहतो, वर पोट आणि किडनीला त्रास तो वेगळाच. मुख्य औषध बहुतेकदा मेथोट्रेक्सेट, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, आणि प्रेग्नन्सीचा विचार असेल तर ते चालत नाही, म्हणून आधीच बोला. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, मधेच सोडू नका. सांधेदुखीवरच्या कसल्या कसल्या पुड्या मात्र नकोत, त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं.

आणि हो, एखादाच सांधा अचानक गरम होऊन फुगला आणि ताप भरला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

दुपारच्या वेळेला दाखवायला गेलात तर सूज उतरलेली असेल, म्हणून सकाळी उठल्या उठल्या दोन्ही हातांचे फोटो काढून ठेवा.