फॉरमॅट मारू का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. जुने लेख युनिकोडमध्ये आणायला महिन्यापूर्वी नेटवरून एक फुकट फॉन्ट कन्व्हर्टर घेतला. तेव्हापासून क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच सर्चचं पान येतं. शिवाय उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस’ अशी चौकट सारखी उगवते. दुकानदार म्हणतो, स्पायवेअर आहे, फॉरमॅट मारा. मारू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : थांबा सर. रिपेअरिंगच्या टेबलावर मीही पंधरा वर्षं काढलीत. फॉरमॅट सांगितला की शोधाशोध वाचते, एवढंच.

ती चौकट बहुधा क्रोमचं नोटिफिकेशन आहे. नीट बघा, बारीक अक्षरांत कुठल्या तरी साइटचा पत्ता असेल. ‘रोबो नसाल तर अलाऊ दाबा’ असं कधी तरी आलं असणार आणि तुम्ही दाबलं असणार. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, आणि ते नाव काढून टाका. चौकटीत फोन नंबर असला तर चुकूनही लावू नका.

सर्चचं पान मात्र कन्व्हर्टरच्या पाठीवर बसून आलेलं दिसतंय. विंडोजमध्ये ॲप्सची यादी तारखेनुसार लावा. त्याच दिवशी आलेली अनोळखी नावं सापडतील, ती काढा. क्रोममधली नको ती एक्स्टेन्शन्सही (क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) काढा. आणि एक जागा सगळे विसरतात : डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘टार्गेट’. त्या ओळीच्या शेवटी एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच खोडा. एका बाईंचं मशीन मी तीनदा साफ केलं, तरी पान परत हजर! चौथ्यांदा ही ओळ पाहिली आणि स्वतःच्याच कपाळाला हात लावला. शेवटी विंडोज सिक्युरिटीचा फुल स्कॅन चालवा.

आता स्पायवेअरचं, म्हणजे गुपचूप पाळत ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचं. तुमच्याकडे दिसतोय तो ॲडवेअर, जाहिराती दाखवणारा. ॲडवेअरला जाहिरात दाखवूनच पैसे मिळतात, म्हणून तो डोळ्यांसमोर नाचतो; स्पायवेअरला दिसून चालत नाही. पण मधली भिंत पातळ आहे. तुमचं सर्च वळवणाऱ्याला तुम्ही काय शोधता तेही कळतं. २०१४मध्ये लेनोवोच्या काही नव्या कोऱ्या लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा ॲडवेअर कारखान्यातूनच भरलेला होता. पानांत जाहिराती घुसवायला त्याने विंडोजमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याची ग्वाही देणारा डिजिटल दाखला) बसवलं होतं, त्यामुळे कुलूप दिसणाऱ्या एचटीटीपीएस साइट्सवरचा मजकूरही त्याला उघडता यायचा. तिथे तर गिऱ्हाइकाने काही इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट’सुद्धा दाबलं नव्हतं.

म्हणून या महिन्यात त्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकला असेल तर तो बदला, आणि बदलताना मोबाइल वापरा. एवढं करूनही ते पान परत आलं, तर ‘टार्गेट’च्या ओळीचा आणि ॲप्सच्या यादीचा फोटो काढून माझ्याकडे पाठवा.