रूममेट जेवून ओकते, आता माझे पैसेही गायब होतायत. हा आजार की सवय?

आजार. पण 'सवय' या शब्दावरून आमच्या घरात पंधरा वर्षं भांडण चाललंय, म्हणून थोडं लांबण लावतो.

माझा धाकटा भाऊ इथं कोल्हापुरात तालमीत होता. 57 किलोच्या गटात बसायचं म्हणून आठवडाभर उपाशी, कुस्ती झाली की पातेलंभर भात, आणि मग मोरीत बोटं घालून ओकणं. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडलेले. आम्हाला वाटलं जोर काढून पडले. जोर तळहातावर काढतात, हे घरातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. ओकताना दात लागून ते पडतात. जेराल्ड रसेल या ब्रिटिश डॉक्टरानं 1979 साली बुलिमियाचं, म्हणजे अधाशासारखं खाऊन मग ओकून टाकण्याच्या या आजाराचं, वर्णन केलं, त्यातच ही खूण नोंदवलीय.

मग राजारामपुरीतल्या एका दुकानात पकडला. खिशात बिस्किटाचे दोन पुडे. ते एक वेळ समजू शकतो. पण घरी ट्रंक उघडली तर लंगोटाखाली शाम्पूच्या पुड्या, बायकांचे चाप, न वापरलेल्या पेन्सिली. डोक्याचा गोटा केलेला पोरगा शाम्पू कशाला चोरेल?

त्यानंच पुढं डॉक्टरांना सांगितलं: आधी छातीत घुसमट, उचललं की मोकळं वाटतं, मग लाज. खाण्याचंही हुबेहूब तसंच. शिवाय उपाशी मेंदू बिथरतो तो वेगळाच. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तर ती पोरं पाककृतींची पुस्तकं आणि नको ती अडगळ गोळा करत सुटली. एकाचा हात चोरीपर्यंत गेला.

तुमचे पैसे कुलपात ठेवा, पण मेसच्या मावशींसमोर तमाशा नको. ओकून पोटॅशियम घसरतं, हृदयाचे ठोके बिघडतात, तेव्हा तिला रक्त तपासायला आणि मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. निदान 14416 ला, म्हणजे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, फुकट आहे. आणि हो, असा प्रत्येक रुग्ण चोरी करत नाही. पैसे तिनंच घेतले हे आधी नक्की करा.

आमचे आबा आजही चारचौघांत सांगतात, "एकदा पट्टा काढला, पोरगं सरळ झालं." पट्ट्यानंतर आठ महिने ट्रंक भरत होती. किल्ली माझ्याकडं होती.