स्पाइक ली यांच्या 'माल्कम एक्स' सिनेमातला माल्कम कितपत खरा आहे?

अमेरिकेतल्या काळ्यांचा हा नेता माणूस म्हणून खरा उतरलाय, पण त्याची भावंडं गायब आहेत.

१९९२ चा हा सव्वातीन तासांचा सिनेमा मुख्यतः ॲलेक्स हेली यांनी शब्दांकन केलेल्या आत्मचरित्रावर बेतलाय. मी सिनेमा आधी पाहिला, पुस्तक नंतर वाचलं आणि तुरुंगाच्या प्रकरणाशी अडखळलो. सिनेमात बेन्स नावाचा कैदी त्याला 'नेशन ऑफ इस्लाम' या अमेरिकेतल्या काळ्या मुस्लिमांच्या पंथाची वाट दाखवतो, शब्दकोश उघडून 'काळा' आणि 'पांढरा' यांचे अर्थ वाचायला लावतो. प्रसंग जबरदस्त, पण हा बेन्स रचलेला. प्रत्यक्षात भावंडांनीच त्याला त्या पंथाकडे वळवलं. आणि सावत्र बहीण एला, जिने पुढे त्याच्या हजचे पैसे दिले, ती तर सिनेमात नाहीच!

शब्दकोश मात्र त्याने खरोखरच, पहिल्या पानापासून, वहीत उतरवून काढला होता. त्या पानावरचा चित्रातला आर्डवार्क (मुंग्या-वाळवी खाणारा आफ्रिकी प्राणी) त्याच्या कायम लक्षात राहिला. रात्री दहाला दिवे मालवले की कोठडीबाहेरच्या बोळातल्या उजेडात जमिनीवर बसून वाचायचा. पहारेकऱ्याची पावलं वाजली की पटकन पलंगावर, झोपेचं सोंग. मला त्या बेन्सपेक्षा हा एकटा वाचणारा पोरगा जास्त हवा होता.

माल्कम साकारणाऱ्या डेन्झेल वॉशिंग्टनबद्दल काय बोलू? त्या वर्षीचं ऑस्कर अल पचिनोला गेलं, ते मला अजून पचलेलं नाही.

गंमत 'एक्स'ची. माल्कमचं जन्माचं आडनाव 'लिटल', पण ते गुलामांच्या मालकाने पूर्वजांना चिकटवलेलं, खरं आफ्रिकी नाव हरवलेलं, म्हणून त्या जागी एक्स. आडनावावरून माणूस जोखणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजवायला नको. सिनेमाच्या सुमारास तोच एक्स टोप्यांवर छापून धडाधड विकला गेला.

खुनाबाबत मात्र सिनेमावर थांबू नका. २१ फेब्रुवारी १९६५ ला, वयाच्या ३९ व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या ऑडुबॉन बॉलरूम या सभागृहात त्याला गोळ्या घातल्या. त्यात दोषी ठरलेल्या तिघांपैकी दोघे निर्दोष होते, हे न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केलं.

शेवट नीट बघा. नेल्सन मंडेला वर्गात माल्कमचे शब्द म्हणतात, पण 'लागेल त्या मार्गाने' एवढं बोलायला त्यांनी नकार दिला होता; वर्णद्वेषी सरकार ते आपल्याविरुद्ध वापरेल, ही भीती. म्हणून तेवढ्यापुरता जुन्या चित्रफितीतला खरा माल्कम येतो आणि वाक्य पुरं करतो.