पोरगी पोलीस झाली की वस्तीवर गाडी येणार नाही?

पत्र थोडक्यात असं आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावाबाहेरच्या वस्तीवरून एका वडिलांनी पुतण्याकडून टाईप करून पाठवलंय. समाज फासेपारधी, म्हणजे अनुसूचित जमात. मुलगी 19 वर्षांची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, बारावीला 58 टक्के. खो-खो खेळते, कुमारी गटात जिल्ह्याचा संघ राज्यात तिसरा आला तेव्हा ती संघात होती. दोन वर्षं झाली रोज संध्याकाळी वस्तीवरची 23 पोरं-पोरी गोळा करून त्यांना खेळ शिकवते, त्यांची शाळेत नावं घालते, दाखल्यासाठी तहसीलला चकरा मारते. वडील म्हणतात, "मॅडम, तिला तुम्ही समजावून सांगा. आधी वर्दी घे, मग काय समाजसेवा करायची ती कर. रोजचे दोन तास वाया घालवते. यंदाच्या भरतीत नाही झालं तर लग्न उरकून टाकणार."

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मार्कांचं काही नाही, 58 टक्क्यांनी कुणाचं काही अडत नाही. मी अडकले ते मधल्या एका वाक्यावर. तुम्ही लिहिलंय, "चोरी कुठंबी होऊ दे, गाडी आधी आमच्याकडं येती. घरात एक वर्दी असली की कोण हात लावणार नाही." पत्रात बाकी सगळीकडं भरती, ग्राउंड, क्लासची फी असं आहे, पण खरं पत्र हे एवढंच आहे असं मला वाटतं.

तुमची भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं आख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसं डांबली. तो कायदा 1952 ला रद्द झाला, पण कागदावरून उतरलेला शिक्का लोकांच्या नजरेतून उतरत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. मुद्दा वेगळा आहे दादा. ही सगळी भीती तुम्ही एका 19 वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर ठेवताय. तिनं वर्दी घालायची आणि तुम्हाला, तुमच्या भावांना, वस्तीला वाचवायचं. ती कॉन्स्टेबल झाली तर तिची नेमणूक कुठं होणार, ड्युटी काय लागणार, ते तिच्या हातात नसणार. आणि समजा एखाद्या रात्री ती ज्या गाडीत बसलीय तीच गाडी दुसऱ्या कुठल्या पारधी वस्तीवर निघाली, तर तिनं काय करायचं? हा प्रश्न तिच्या मनात आला असणार, तुम्हाला बोलून दाखवला नसेल इतकंच. पोलीस व्हायचं असेल तर जरूर व्हावं, समाजातनं अधिकारी झालेच पाहिजेत, पण ते तिला व्हायचंय म्हणून. घराची ढाल म्हणून नको.

गाडी येते ह्याच्यावर इलाज वेगळा आहे आणि तो आजही तुमच्या हातात आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथं अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अटक केली तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. बाईला सूर्य मावळल्यावर सहसा अटक करता येत नाही, अगदीच वेळ आली तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. हे वस्तीवरच्या प्रत्येक घरात माहीत पाहिजे. एक सांगू, हे वस्तीला समजावून सांगायला सगळ्यात योग्य माणूस तुमचीच मुलगी आहे, आणि त्यासाठी तिला वर्दीची गरज नाही.

आता लग्नाचं. स्पष्ट बोलते, राग मानू नका. "नाही झालं तर लग्न" हे बोलणं म्हणजे पोरीला परीक्षेला बसवून पाठीमागं काठी घेऊन उभं राहणं आहे. ती सज्ञान आहे, लग्न कधी आणि कुणाशी हे तिनं ठरवायचं. आणि घाई तरी कसली? शिपाई भरतीला मागासवर्गीयांना 33 वर्षांपर्यंत बसता येतं. तुमची मुलगी 19 ची आहे. चौदा वर्षं आहेत हातात आणि तुम्ही तिला एक भरती देताय.

भरतीचं काय ते सगळ्यांना माहीत आहे, मैदानी 50 मार्क, लेखी 100, मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. खो-खोच्या पोरीला मैदानीचं भय नाही. तयारी लेखीची लागेल, गणित आणि बुद्धिमत्तेला पहाटे दीड तास दिला तरी वर्षात फरक पडतो. संध्याकाळचं मैदान त्याच्या आड येत नाही.

पण एक गैरसमज मोडायलाच पाहिजे, कारण तो तुमच्या एकट्याचा नाही, मला येणाऱ्या अर्ध्या पत्रांत असतो. तुम्ही लिहिलंय "तिला खेळाडू कोटा आहे त्यामुळं नोकरी पक्की". नाही हो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हे खरं, पण ते समांतर आरक्षण आहे, म्हणजे तुमच्या प्रवर्गाच्या आतच त्या जागा असतात, आणि त्यासाठी परीक्षा काही माफ होत नाही, लेखी सगळ्यांसारखीच द्यावी लागते. नुसता सहभाग सहसा उपयोगी पडत नाही, पदक किंवा पहिल्या तिनातलं स्थान लागतं, स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची लागते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रमाणपत्र क्रीडा विभागाच्या उपसंचालक कार्यालयाकडून पडताळून घ्यावं लागतं, तेही अर्ज भरायच्या आधी. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाल्यापासून तिथं फार बारकाईनं बघतात. पोरं काय करतात, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट भिंतीवर लावतात आणि भरतीची जाहिरात आली की धावाधाव करतात, तोपर्यंत तारीख गेलेली असते. तुमच्या मुलीचं राज्याचं प्रमाणपत्र ह्याच महिन्यात पडताळणीला टाका, ते कुठल्या पदाला चालतं हे कागदावर येऊ दे, अंदाज नको.

आणि तसंच जातीचं. जातीचा दाखला असणं आणि जात वैधता, म्हणजे तो दाखला पडताळणी समितीनं तपासून खरा ठरवलेला असणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुसूचित जमातीसाठी 1950 च्या आधीचे पुरावे मागतात, आणि पाल टाकून फिरणाऱ्या माणसाच्या आज्याचा कागद कुठनं आणायचा हा प्रश्न मला कळतो. कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, कुणा चुलत्याच्या शाळेचा निर्गम उतारा, रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झाली असेल तर ती, असं जे मिळेल ते शोधायला लागा. अर्ज केल्यावर दक्षता पथक घरी येऊन चौकशी करतं, त्यात पोलीस अधिकारी असतात. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे गाडी बघून वस्ती पळून जायला नको.

आता त्या दोन तासांबद्दल, ज्यांना तुम्ही वाया गेलेले म्हणता.

तुमच्या पुतण्यानं पत्रासोबत दोन फोटो पाठवलेत. तुम्ही पाठवायला सांगितले होते की त्यानंच पाठवले माहीत नाही. पहिल्यात मैदान आहे. फक्कीला पैसे नाहीत म्हणून वीटभट्टीच्या राखेनं रेघा मारल्यात. खांब बाभळीचे, साल काढून घासून गुळगुळीत केलेले, पोरांचे हात सोलू नयेत म्हणून. पोरं अनवाणी आहेत, एक इकडं तोंड करून तर दुसरं तिकडं अशी चवड्यावर बसलीत, आणि तुमची लेक खांबाजवळ वाकून एका बारक्या पोरीचा पाय धरून तो कुठं टेकवायचा ते दाखवतीय. दुसरा फोटो वहीचा. साधी शंभर पानी वही, हजेरी. मी मोठा करून बघितला. नाव, वय, आणि पुढं रकाने: जन्मदाखला, आधार, शाळा, आणि शेवटचा रकाना "मराठी". तो मला आधी कळलाच नाही. मग लक्षात आलं, घरात पारधी भाषा बोलणाऱ्या लेकराला पहिलीत बाई काय बोलतात तेच समजत नाही, ते गप्प बसतं, मग मागं बसतं, मग शाळेत जायचंच बंद होतं. कुणाला मराठी समजायला लागली त्याच्यापुढं तिनं बरोबरची खूण केलीय. 23 पैकी 16 खुणा मी मोजल्या.

दादा, हा रकाना तिला कुणी शिकवला? शिक्षणावर मोठमोठे प्रकल्प करणाऱ्यांना जे सुचत नाही ते ह्या पोरीनं पट्टीनं रेघ मारून लिहिलंय. ह्याला तुम्ही समाजसेवा म्हणता, मी ह्याला तिच्या कामाची सुरुवात म्हणते. युवा नेतृत्व, युवा नेतृत्व म्हणून जे सगळे बोलतात ना, ते दिसायला असं दिसतं.

म्हणूनच त्या फ्लेक्सचं वाचून मला बरं वाटलं नाही. तालुक्याच्या कुणीतरी तिला युवती आघाडीचं पद देऊ केलंय आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तिचा फोटो लावलाय, हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय. तिला विचारून लावला का? पारधी समाजातली खेळाडू मुलगी फ्लेक्सवर छान दिसते, पण निवडणूक झाली की तो फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो. राजकारण वाईट असं मी म्हणत नाही. 21 पूर्ण झाल्यावर तिला ग्रामपंचायतीला उभं राहायचं असेल तर जरूर राहावं. त्याच्या आधी, 18 पूर्ण झाल्यापासून मतदार यादीत नाव असलं की ती ग्रामसभेची सभासद आहेच. पुढच्या ग्रामसभेत तिनं उभं राहून वस्तीच्या पाण्याचं आणि मैदानाच्या जागेचं लेखी मागावं, ठराव प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहून घ्यावा. पदावरनं कुणीही तिला काढू शकतं. प्रोसिडिंगात आलेलं नाव काढता येत नाही.

करिअर म्हणून विचाराल तर तुमच्याच जिल्ह्यात बघा. सारिका काळे धाराशिवच्याच, घरची परिस्थिती हलाखीची, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या कर्णधार होत्या, 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम केलं. खो-खोला आता आधीसारखं गावाकडचा खेळ म्हणून कुणी बाजूला टाकत नाही, जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिला वर्ल्डकप झाला, मुलं-मुली दोन्हीकडं भारत जिंकला. तुमच्या मुलीनं बीए पूर्ण करून बीपीएडची (शारीरिक शिक्षणाच्या पदवीची) सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावी, त्यातनं शारीरिक शिक्षण शिक्षक होता येतं, क्रीडा खात्याच्या पदांना बसता येतं. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोर्स आहे. आणि मला तिची वही बघून सगळ्यात जास्त जी वाट सुचली ती म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. तुळजापूरला टाटा समाज विज्ञान संस्थेचा कॅम्पस आहे, म्हणजे तुमच्या दाराशी. प्रवेश सीयूईटी पीजी ह्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर होतो. कॉलेजात एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) नाव घातलं नसेल तर आत्ता घाला, दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात, ती तेवढे तास वस्तीवर काही महिन्यांतच भरते, फक्त त्याची नोंद कुठं होत नाही. प्राध्यापकांशी बोलून वस्तीवरच शिबिर घेता येतं का बघा. पोलीस भरतीही चालू ठेवा, तिची इच्छा असेल तर. तिला एकदा विचारा. पत्रात तुम्ही तिचं वय लिहिलंय, मार्क लिहिलेत, संघ लिहिलाय, तिला काय व्हायचंय ते कुठंच नाही.

एक गोष्ट तिच्यासाठीही लिहिते, वाचून दाखवा. बाळ, सगळी वस्ती एकटीनं उचलू नकोस. तहसीलच्या चकरा सोळा-सतरा वर्षांच्या दोन पोरांना शिकव, वही आठवड्यातनं तीन दिवस दुसऱ्या कुणाला भरू दे. तू स्वतः सरावाला जात नाहीस असं दिसतंय, कारण संध्याकाळ पोरांना दिलीस. आठवड्यातले दोन दिवस तुझ्या खेळाचे ठेव. तू 19 ची आहेस, तुझं खेळायचं वय आत्ता आहे.

दादा, येत्या रविवारी संध्याकाळी तुम्ही मैदानावर जाऊन बसा. काही बोलू नका, नुसतं बसा. ती वही हातात घ्या, आणि सात पोरांपुढं अजून खूण नाही, ती कुणाची आहेत ते बघा. त्यांच्या आया-बापांशी तुम्हीच बोलू शकता, तुमचं ऐकतील. नंतर मला पुतण्याकडून टाईप करून नको, तुमच्या आवाजात मेसेज पाठवा.