लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) अपग्रेड केल्यावर पंख्यांचा वेग दिसेनासा झाला. सेन्सर बिघडला का? बूटच्या ओळीत 'लॅक्स' घालू का?

सेन्सर बिघडलेला नाही. आणि 'लॅक्स' (बायोसने राखून ठेवलेले पोर्टही ड्रायव्हरांना वापरू देणारा कर्नलचा पर्याय) इतक्यात घालू नका.

तुम्ही लिहिलंय की उबुंटू अपडेट झाल्यापासून 'सेन्सर्स' कमांड फक्त सीपीयूचं तापमान दाखवते, पंखे आणि मदरबोर्डच्या ओळी गायब आहेत. यातच अर्धं उत्तर आलं. इंटेल प्रोसेसरचं तापमान कोअरटेम्प हा ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा कर्नलचा भाग, म्हणजेच मॉड्यूल) थेट प्रोसेसरकडून घेतो. पंख्यांचा वेग मात्र मदरबोर्डवरची सुपर आयओ चिप मोजते. ही चिप बहुतेक नुव्होटॉन किंवा आयटीईची असते आणि तिच्यासाठी एनसीटी६७७५ किंवा आयटी८७ हा वेगळा ड्रायव्हर लागतो. तो नव्या कर्नलवर लोड होत नाहीये. खात्री करायची तर ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या बूट मेनूच्या, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडा. आकडे परत आले की हार्डवेअरची शंका मिटली.

मग नव्या कर्नलवर येऊन 'सुडो मॉडप्रोब' करून तो ड्रायव्हर हाताने लोड करा आणि नकार नेमक्या कोणत्या शब्दांत येतो ते वाचा. बहुतेक जण हीच ओळ वाचत नाहीत. 'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं तर ड्रायव्हरची फाइलच नाही: एकतर लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा पॅकेज नव्या कर्नलसाठी आलेलं नाही, किंवा तुम्ही आयटी८७ बाहेरून डीकेएमएसने (दर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बिल्ड करणारी सोय) बसवलं होतं आणि नव्या कर्नलचे हेडर्स (बिल्डसाठी लागणाऱ्या फाइली) नसल्यामुळे ते पुन्हा बिल्ड झालं नाही. 'की वॉज रिजेक्टेड' आलं तर सिक्युअर बूटने सही नसलेलं मॉड्यूल अडवलंय. 'नो सच डिव्हाइस' म्हणजे या ड्रायव्हरला तुमची चिप ओळखता आली नाही. नव्या आयटीई चिपांच्या बाबतीत हे वारंवार होतं.

'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आलं, तरच 'लॅक्स'चा विषय निघतो. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, पाहिलंत तर एसीपीआय रिसोर्स कॉन्फ्लिक्टची ओळ दिसेल. म्हणजे चिपशी बोलायचे ते पत्ते (पोर्ट) बायोसच्या एसीपीआय कोडनेही (हार्डवेअर सांभाळणारा बायोसचा भाग) स्वतःसाठी राखलेत. नुव्होटॉनच्या चिपमध्ये रजिस्टर (आकडे ठेवायच्या छोट्या जागा) वेगवेगळ्या बँकांत विभागलेले असतात. ड्रायव्हर आधी बँक निवडतो, मग रजिस्टर वाचतो. या दोन पायऱ्यांच्या मध्ये बायोसने बँक बदलली तर तापमानाच्या जागी भलताच आकडा येतो. वाचण्याचं एक वेळ ठीक आहे, पण लिहिताना असं झालं तर मूल्य चुकीच्या रजिस्टरमध्ये जातं, आणि याच चिपकडे पंख्यांचं नियंत्रण असतं. 'लॅक्स'ने ही राखण सगळ्याच ड्रायव्हरांसाठी उठते, म्हणून मला तो उपाय पटत नाही. आसुसचा बोर्ड असेल तर कर्नल ५.१६ पासून एनसीटी६७७५ बऱ्याच मॉडेलांवर डब्ल्यूएमआयमार्फत, म्हणजे बायोसलाच विचारून, माहिती घेतो. तिथे 'लॅक्स'ची गरजच राहत नाही. आयटी८७ मध्ये 'इग्नोर रिसोर्स कॉन्फ्लिक्ट' हा त्याच्यापुरता पर्याय आहे. धोका त्यातही आहे, पण तो एका ड्रायव्हरपुरता राहतो.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. के१०टेम्पमधून (त्या प्रोसेसरच्या तापमानाचा ड्रायव्हर) व्होल्टेज आणि करंटच गेले असतील तर शोधत बसू नका. कर्नल ५.६ मध्ये ते आकडे आले होते, ५.११ मध्ये मुद्दाम काढले. एएमडीने त्या रजिस्टरची कागदपत्रं दिलेली नव्हती आणि काही बोर्डांवर आकडे चुकत होते. माझ्या मते काढले ते योग्यच केलं. खोटा आकडा दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा.

ड्रायव्हर लोड झाला, आकडेही दिसू लागले, तरी फॅनकंट्रोल (पंख्यांचा वेग ठरवणारा प्रोग्राम) 'कॉन्फिगरेशन जुनं झालंय' म्हणून अडू शकतं. कर्नल प्रत्येक सेन्सर चिपला एचडब्ल्यूमॉन२, एचडब्ल्यूमॉन३ असं नाव देतो; हे क्रमांक ड्रायव्हर ज्या क्रमाने लोड होतील तसे मिळतात, आणि नव्या कर्नलवर तो क्रम सहज बदलतो. काल जिथे सुपर आयओ होती तिथे आज एनव्हीएमई डिस्क बसलेली असते (कर्नल ५.५ पासून तीही तापमान देते). फॅनकंट्रोल नावं पडताळून थांबतं हे बरंच आहे. त्याचं कॉन्फिगरेशन बनवणारी पीडब्ल्यूएमकॉन्फिग ही कमांड पुन्हा चालवा. तुमची स्वतःची स्क्रिप्ट असेल तर तिच्यात क्रमांक लिहू नका, प्रत्येक एचडब्ल्यूमॉन फोल्डरमधली 'नेम' फाइल वाचून चिप शोधा. हे होईपर्यंत पंखे सहसा बायोसच्या ताब्यात असतात आणि प्रोसेसर फार तापला तर स्वतःच वेग उतरवतो, त्यामुळे मशीन बंद ठेवायची गरज नाही.