जर्मनीत मास्टर्सला जातोय, कल्चर शॉक किती दिवस टिकतो आणि तो बसू नये म्हणून काय करावं?

किती दिवस टिकतो याचा आकडा कुणी सांगत असेल तर तो अंदाजपंचे. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये टप्पे सांगितले, आधी नवलाई, मग चिडचिड, मग सवय. पक्के दिवस नाही सांगितले. पुण्याहून गेलेल्यांची चिडचिड बहुधा नोव्हेंबरात सुरू होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, घरच्यांशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं आणि डिसेंबरात बर्लिनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो.

थंडीचा आणि जेवणाचा मात्र उगाच बाऊ केला जातो. खरा धक्का भाड्याच्या खोलीत बसतो.

खिडकीच घ्या. आपण वरण-भात शिजवतो, कपडे खोलीतच वाळत घालतो, थंडी म्हणून खिडकी बंद. सगळी वाफ बाहेरच्या गार भिंतीच्या कोपऱ्यात पाणी होऊन बसते आणि काही आठवड्यांत काळी बुरशी धरते. मग घर सोडताना मालक डिपॉझिट कापतो, आणि ते मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकतं. उपाय फुकट आहे. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी सताड उघडायची, पाच ते दहा मिनिटं, मग लावून टाकायची. याला तिकडे 'श्टोसल्युफ्टेन' म्हणतात. खिडकी दिवसभर किलकिली ठेवणं सगळ्यांत वाईट, त्यात हवा कमी बदलते आणि भिंत मात्र गार पडते. हीटरच्या नॉबवर ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते, आणि वर्षाचा हिशोब झाला की फरकाचं बिल येतं.

फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, तेल धुरावू द्यायचं नाही. वसतिगृहाचा अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असला तर मोहरीपायी बंब दारात येतो आणि त्याचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, स्टीलचा न्या.

आवाजाचं म्हणाल तर रात्री १० ते सकाळी ६ शांतता, रविवारी दिवसभर. मिक्सर, भिंतीत ड्रिल, काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकणं, सगळं शनिवारी उरकायचं. बऱ्याच इमारतींत दुपारी १ ते ३ सुद्धा शांतता असते. १ ते ४ दुकानं बंद ठेवणाऱ्या गावातून जाऊन याचा धक्का कसला बसतो, मला कळत नाही! जिन्यात चिकटवलेल्या सूचना वाचल्यात तर सदाशिव पेठेतच आहोत असं वाटेल.

पण त्या वाचता यायला हव्यात. 'कोर्स इंग्रजीत आहे, जर्मन कशाला?' हे मला दर वर्षी ऐकवलं जातं, आणि ऐकवणारे बहुतेक एजंट असतात. कोर्स इंग्रजीत असतो, घराची नियमावली नसते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. नोंदणी झाली की रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. शुल्क दर घरामागे एकच. रूममेट भरत असेल तर त्याचा शुल्क-क्रमांक (बँकेचा नव्हे) कळवला की तुमचं मिटतं. पण पत्र जर्मनमध्ये, म्हणून जाहिरात समजून टाकून दिलं जातं आणि थकबाकी साठत जाते. मग हाच 'कल्चर शॉक' म्हणून घरी फोनवर सांगितला जातो. हा शॉक नाही, भाषा न शिकल्याचा दंड आहे. जर्मनची पहिली पातळी, ए-१, करून भागत नाही, तिसरी, बी-१, करूनच विमानात बसा.

आणि 'बघतो', 'जमवतो' हे शब्द इथेच ठेवून जा. तिथे ते उत्तर धरलं जात नाही, समोरचा हो की नाही ते पुन्हा विचारतो. तो उद्धट नसतो.

मी जर्मन शिकवतो, त्यामुळे माझं माप थोडं झुकतं धरा. बर्लिनमध्ये इंग्रजीवर दोन वर्षं काढणारेही आहेत. शांततेच्या वेळा इमारतीगणिक बदलतात, आपली नियमावली आधी पाहा. आणि दोन-तीन आठवडे झोप, जेवण, लेक्चर सगळंच सुटलं असेल तर खिडक्या उघडून काही होणार नाही. विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि मेस चालवणाऱ्या श्टुडीरेंडेनवेर्ककडे मोफत समुपदेशन असतं, तिथे वेळ घ्या.

बॅगेत तूप, पेढे, आंबा बर्फी नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नको. बाकरवडी, भाजणी, गोडा मसाला खुशाल न्या.